ब्रिटनमधला पहिला हिवाळा: वाया जाणारी उष्णता घरातच कशी मुरवायची

शिकायला किंवा नोकरीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात ब्रिटनला आलेल्या मराठी घरांना थंडीची खरी किंमत कळते ती जानेवारीच्या बिलावरून. मग थर्मोस्टॅट खाली ओढला जातो आणि घरातही कोट घालून बसणं सुरू होतं. पण त्याच घरातून रोज सकाळी चाळीस अंशांचं पाणी मोरीतून वाहून जातं, स्वयंपाकाची वाफ पंख्यातून उडून जाते आणि बॉयलरच्या नळीतून पांढरे ढग बाहेर पडतात. या सगळ्या उष्णतेचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. ती बाहेर जायच्या आधी तिच्याकडून घर ऊबदार करून घ्यायचं, यासाठी हे मार्गदर्शन आहे. बहुतेक उपाय भाड्याच्या घरातही करता येतात आणि अर्ध्याअधिकांना एक पेनीही लागत नाही.

एक नियम मात्र सुरुवातीलाच पक्का धरा: उष्णता घरात ठेवायची आणि ओलावा घरात साठू द्यायचा नाही. नवखी मंडळी ऊब टिकवायला खिडक्या बंद करतात, पंखे बंद करतात, आणि फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी येते. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीत उष्णतेसोबत वाफेचं काय करायचं तेही सांगितलं आहे.

आधी बिल समजून घ्या

बिलावरचा एक किलोवॉट-तास म्हणजे भारतातल्या वीजबिलावरचा एक युनिट. ब्रिटनमध्ये गॅसही याच मापात मोजतात. दर तीन महिन्यांनी ऑफजेम ही नियामक संस्था दराची कमाल मर्यादा ठरवते. गेल्या काही काळात गॅसचा युनिट साधारण सहा-सात पेन्सला आणि विजेचा पंचवीस पेन्सच्या आसपास पडतो आहे. म्हणजे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग.

तुमच्या घरी गॅस बॉयलर आणि रेडिएटर (बॉयलरने तापवलेलं पाणी ज्यांतून फिरतं ते भिंतीलगतचे धातूचे पट्टे) आहेत की भिंतीवर विजेचे हीटर, हे म्हणूनच पहिल्यांदा पाहा. गॅसवर तापणाऱ्या घरात वाचवलेल्या एका युनिट उष्णतेचे सात पेन्स होतात. विजेच्या हीटरवर चालणाऱ्या फ्लॅटमध्ये त्याच युनिटचे पंचवीस. पुढचे छोटे छोटे उपाय विजेवर तापणाऱ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जास्त मनावर घ्यावेत.

प्रमाणाचंही भान हवं. ऑफजेमच्या २०२३ मधल्या हिशोबात ब्रिटनमधलं मध्यम वापराचं घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस जाळतं, आणि त्यातला बहुतेक हिवाळ्यात. टबातलं पाणी आणि कुकरची वाफ एवढ्यावर अख्खं घर तापणार नाही. पण हीटिंग रोज थोडं उशिरा लावता येईल, थोडं लवकर बंद करता येईल, इतकी ऊब यातून नक्की मिळते.

पहिली पायरी: गळती आटोक्यात आणा

गळक्या घरात कमावलेली उष्णता टिकत नाही, म्हणून हे आधी करा. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावा. खिडकीच्या कडांना चिकटणारी फोमची पट्टी लावा. अंधार पडला की पडदे ओढून घ्या, पण पडदा रेडिएटरवर लोंबू देऊ नका, नाहीतर सगळी ऊब पडद्याआडच्या काचेला जाते. बाहेरच्या भिंतीवरच्या रेडिएटरमागे चंदेरी परावर्तक पत्रा सरकवा आणि सोफा रेडिएटरपासून हातभर पुढे घ्या. भिंतीतली किंवा खिडकीवरची वायुवीजनाची जाळी मात्र बुजवू नका. जिथे गॅस जळतो त्या खोलीत तर कधीच नाही.

दुसरी पायरी: न्हाणीघर

दीडशे लिटर पाणी भरलेला टब घ्या. अंघोळ झाल्यावर पाणी चाळीस अंशांवर आहे आणि घर अठरा अंशांवर. ते पाणी घराइतकं गार होईपर्यंत जवळजवळ ३.८ युनिट उष्णता सोडतं. बूच काढलं की ती सगळी मोरीत जाते. गॅसच्या घरात ही उष्णता पंचवीस-सत्तावीस पेन्सची, विजेच्या घरात जवळपास एका पाउंडाची.

तेव्हा अंघोळीनंतर बूच तसंच राहू द्या. शॉवर घेत असाल तरी टबाचं बूच लावून घ्या, पाणी पायाशी साठेल. दहा मिनिटांच्या शॉवरमध्ये साधारण ऐंशी लिटर पाणी जातं आणि त्यातूनही पावणेदोन युनिटच्या आसपास उष्णता मिळते.

आता वाफेचं. गरम पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ निघत राहते, म्हणून अंघोळ संपताच दार लावून पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू ठेवा. पंख्याने उष्णताही जाते ही भीती फारशी खरी नाही. न्हाणीघरातला नेहमीचा पंखा सेकंदाला पंधरा लिटर हवा बाहेर फेकतो. बाहेर पाच आणि आत वीस अंश असतील तर वीस मिनिटांत एका युनिटचा दहावा हिस्सासुद्धा जात नाही. उलट तो पंखा जी वाफ बाहेर काढतो ती घरात राहिली तर खिडक्यांवर आणि थंड कोपऱ्यांत पाणी होऊन बसते. पाणी कोमट झालं, आरशावरची वाफ गेली, की पंखा बंद करून दार उघडा आणि उरलेली ऊब घरात पसरू द्या. हात घातल्यावर पाणी गार लागलं की बूच काढा. थोडी उष्णता वाफेसोबत गेलेलीच असते, त्यामुळे पूर्ण ३.८ युनिट पदरात पडतील असं धरू नका. निम्मे मिळाले तरी ते फुकट आहेत.

घरात लहान मूल असेल तर हा उपाय करू नका. काही इंच पाण्यातही मूल बुडू शकतं. पाणी लगेच सोडा, वाचलेल्या पेन्सचा विचारही नको.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी बचत आपल्या जुन्या सवयीत आहे. दहा अंशांचं नळाचं पाणी चाळीसवर नेऊन दहा मिनिटं शॉवर घ्यायला जवळपास २.८ युनिट लागतात. बादलीभर, म्हणजे वीस लिटर, पाण्याला पाऊण युनिट पुरतो. बादली आणि तांब्या ब्रिटनमध्येही मिळतात. टबात उभं राहून बादलीने अंघोळ करण्यात काहीच कमीपणा नाही.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर

शेगडीवर, ओव्हनमध्ये, किटलीत खर्च केलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते. ती घरात राहते की मोरीतून आणि पंख्यातून जाते, एवढंच आपल्या हातात असतं.

बटाटे किंवा शेवया उकडलेलं पाणी लगेच सिंकमध्ये ओतू नका. तीन लिटर उकळतं पाणी झाकण लावून ओट्यावर ठेवलं तर गार होईपर्यंत पाव युनिटहून थोडी जास्त उष्णता देतं. झाकण हवंच, नाहीतर तीच उष्णता वाफ होऊन खिडकीवर जाईल. डाळ-भाताचा कुकर थोडा आधी बंद करा आणि वाफ जोराने सोडण्याऐवजी तो आपोआप उतरू द्या. आतलं शिजणं चालूच असतं आणि कुकरच्या धातूतली ऊब स्वयंपाकघरात उतरते.

विजेच्या ओव्हनमध्ये काही भाजलं तर पदार्थ व्हायच्या दहा मिनिटं आधी ओव्हन बंद करा, साठलेल्या उष्णतेवर तो पूर्ण होतो. नंतर दार उघडं ठेवल्याने जास्त उष्णता मिळते हा समज चुकीचा आहे. बंद ओव्हनही तेवढीच उष्णता सोडतो, फक्त सावकाश. लहान मुलं असतील तर दार बंदच बरं. गॅसचा ओव्हन किंवा शेगडी खोली तापवायला लावून ठेवणं मात्र जीवघेणं आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना वास ना रंग.

गॅसच्या शेगडीची आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. एक युनिट गॅस जळला की साधारण दीडशे मिलीलिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. पातेल्यातल्या वाफेची भर त्यात वेगळी. पोळ्या, भाजी, फोडणी असा पूर्ण स्वयंपाक गॅसवर होत असेल तर पंखा चालवा, स्वयंपाकघराचं दार लावा, आणि सगळं आटोपल्यावर पंखा बंद करून दार उघडा. तापलेल्या भिंती, ओटा आणि भांडी यांची कोरडी ऊब मग बैठकीत येते. काही घरांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. तो वास आणि तेल धरतो, वाफ धरत नाही. तुमचा पंखा कोणत्या प्रकारचा आहे ते बाहेरच्या भिंतीवर झडप दिसते का त्यावरून ओळखा. झडप नसेल तर स्वयंपाक झाल्यावर खिडकी पाच मिनिटं सताड उघडा. तेवढ्या वेळात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत.

फ्रिज, टीव्ही, संगणक यांनी खाल्लेली जवळजवळ सगळी वीज खोलीत उष्णता म्हणून उतरते. त्यासाठी वेगळं काही करायला नको. बसल्या जागी माणूसही शंभर वॉटच्या आसपास उष्णता देतो. संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसून बाकीची दारं लावून घेतली तर फरक जाणवतो.

चौथी पायरी: ओले कपडे

ब्रिटनच्या हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत नाहीत. घरात कुठेतरी वाळत घालावे लागतात, आणि बरीच उष्णता नेमकी इथे हरवते. मशीनमधून निघालेल्या एका मोठ्या धुण्यात दोन लिटरपर्यंत पाणी असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. म्हणजे दोन लिटरला १.३६ युनिट, आणि ती तुमच्या तापवलेल्या हवेतूनच घेतली जाते. मग ती वाफ घालवायला खिडकी उघडली की ही उष्णता वाफेत दडून बाहेर जाते, आणि गरम हवाही सोबत जाते.

सुरुवात धुलाई यंत्रापासून करा. कपड्याला सोसेल तितक्या जास्त वेगाने, शक्यतो मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळून घ्या. यंत्राने पिळून काढलेल्या पाण्याला वाफ करण्याची उष्णता लागत नाही.

त्यानंतर सगळे कपडे एकाच लहान खोलीत स्टँडवर घाला, दार लावा आणि तिथे डीह्युमिडिफायर चालवा. या यंत्राचं काम नवख्यांना नीट कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. ते हवेतली वाफ थंड नळीवर धरून तिचं पाणी करतं. वाफेचं पाणी होताना तीच ०.६८ युनिट उष्णता लिटरमागे परत मिळते आणि यंत्र ती खोलीतच सोडतं. कपड्यांनी हवेतून जे घेतलं ते हवेला परत दिलं जातं. शिवाय यंत्राने खाल्लेली वीजही ऊब होऊन खोलीतच राहते. साधारण १६० वॉटचं यंत्र पाच तास चाललं तर पाऊण-एक युनिट वीज लागते, पण त्या बदल्यात कपडे वाळतात, बुरशी टळते आणि खोली चार घटका उबदार होते. एका हिवाळ्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी हीच सुचवेन. पाण्याची टाकी रोज रिकामी करा आणि गाळणी दर पंधरवड्याला झटका.

टंबल ड्रायर, म्हणजे कपडे फिरवून वाळवणारं यंत्र, असेल तर तो कोणत्या जातीचा आहे ते पाहा. पाण्याची टाकी असलेला कंडेन्सर ड्रायर उष्णता खोलीतच सोडतो, तेव्हा तो बंद पडवीत ठेवण्यापेक्षा घरात ठेवलेला बरा. हीट पंप ड्रायर आपलीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे विजेचं बिल निम्म्याच्या आसपास येतं. तिसरा प्रकार नळीतून गरम ओली हवा बाहेर फेकणारा. ती नळी घरातच सोडायची युक्ती बरेच जण सुचवतात. ती करू नका. उष्णता मिळते खरी, पण प्रत्येक धुण्याबरोबर दोन लिटर पाणी आणि कपड्यांचे बारीक तंतू घरभर पसरतात. ड्रायर गॅसवरचा असेल तर त्यातून विषारी वायूही घरात येईल.

दहा-बारा पाउंडांत आर्द्रतामापक मिळतो. तो झोपायच्या खोलीत ठेवा. आकडा ४० ते ६० टक्क्यांच्या आत हवा. सकाळी सत्तरच्या वर दिसत असेल तर ऊब वाचवायचं सोडून आधी ओल काढा. बुरशी किती घातक ठरू शकते याचं दुःखद उदाहरण ब्रिटनला माहीत आहे. रॉचडेल गावातल्या बुरशी लागलेल्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या नावाने झालेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या (नगरपालिका किंवा गृहसंस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या) घरांना लागू झाला आणि धोकादायक ओल-बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत कारवाई करणं घरमालक संस्थांना बंधनकारक झालं. खाजगी घरमालकाकडे राहत असाल तरी बुरशी दिसताच तारखेसह फोटो काढून लेखी कळवा.

पाचवी पायरी: बॉयलरच्या धुरातली उष्णता

गॅसवर तापणाऱ्या घरात सर्वात मोठा फायदा इथे आहे, आणि तो मिळवायला फक्त एक बटण फिरवावं लागतं.

इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा बसवलेला जवळपास प्रत्येक गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचा आहे. गॅस जळून तयार झालेली वाफ धुरातून जाण्याआधी तिचं पाणी करायचं आणि त्यातली उष्णता परत मिळवायची, ही त्याची रचना. पण हे तेव्हाच घडतं जेव्हा रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असतं. बॉयलर पुष्कळदा सत्तर-ऐंशी अंशांवर लावून दिलेला असतो. मग परतीचं पाणीही गरमच येतं आणि उष्णता वाफेसकट आकाशात जाते.

बॉयलरच्या पुढच्या बाजूला बहुधा दोन चकत्या किंवा बटणं असतात. एकावर रेडिएटरचं चित्र, दुसऱ्यावर नळाचं. रेडिएटरवालं तापमान ६० वर आणा. दोन-तीन दिवस राहून पाहा, चालत असेल तर ५५ करा. रेडिएटर हाताला चटका देणार नाहीत आणि घर तापायला जास्त वेळ लागेल, म्हणून हीटिंग अर्धा तास आधी सुरू करा. यातून सहा ते आठ टक्के गॅस वाचतो असा अंदाज ब्रिटनमध्ये सर्रास दिला जातो. मध्यम वापराच्या घरात वर्षाला पन्नास पाउंडांच्या आसपास.

हा उपाय बिनधास्त करायचा तो कॉम्बी बॉयलरवर, म्हणजे जिथे गरम पाण्याची वेगळी टाकी नसते. कपाटात गरम पाण्याचा मोठा सिलिंडर असेल तर त्यातलं पाणी ६० अंशांवर राहिलंच पाहिजे, नाहीतर फुप्फुसांचा गंभीर आजार आणणारे लीजनेला जिवाणू वाढतात. अशा घरात बटणाला हात लावण्याआधी जाणकाराला विचारा. बॉयलरचं झाकण स्वतः कधीही उघडायचं नाही, ते काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाचं. वर्षातून एकदा गॅस तपासणी करून तिचा दाखला भाडेकरूला देणं घरमालकाला कायद्याने भाग आहे. गॅस बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा आहे. राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही मागून घ्या.

कशावर पैसे घालवू नयेत

प्लगमध्येच बसणारा छोटा हीटर निम्म्या विजेत खोली तापवतो, अशा जाहिराती हिवाळ्यात पाहाल. विजेचा कोणताही साधा हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, मग तो वीस पाउंडांचा असो की दोनशेचा. कुंडीखाली मेणबत्त्या लावून खोली तापवायचा प्रकारही टाळा. एक छोटी मेणबत्ती फार तर चाळीस वॉट देते आणि आगीचा धोका मात्र खरा असतो.

खोलीऐवजी माणूस गरम ठेवणं केव्हाही स्वस्त. दीड लिटर पाणी तापवायला चारेक पेन्स लागतात. रबरी पिशवीत ते भरून पांघरुणात घेतलं तर निजताना हीटिंग बंद करता येतं. उकळतं पाणी थेट भरू नका आणि पिशवीवर छापलेल्या फुलाच्या खुणेवरून बनवल्याचं वर्ष पाहून दोन वर्षांनी ती बदला.

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी राहायला आले असतील तर काटकसर त्यांच्या खोलीच्या बाहेर करा. घर किमान १८ अंशांवर असावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि वयस्कर माणसांना त्याहून थोडं जास्तच लागतं. ते "आम्हाला चालतं रे" म्हणतील, तरी थर्मामीटरवरच विश्वास ठेवा.

स्वतःचं घर घेतल्यावर

न्हाणीघर नव्याने करायला काढलंत तर प्लंबरला सांडपाण्यातली उष्णता परत घेणाऱ्या नळीबद्दल विचारा. शॉवरचं वाहून जाणारं पाणी तांब्याच्या उभ्या नळीच्या आतून खाली उतरतं आणि तिच्याभोवतून येणारं गार पाणी वाटेतच कोमट होऊन शॉवरकडे जातं. पाणी एकमेकांत मिसळत नाही, वीज लागत नाही, आणि चांगल्या मांडणीत निम्मी किंवा थोडी जास्त उष्णता परत मिळते. उभ्या नळीसाठी खालचा मजला लागतो, म्हणून वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरालाच ती शोभते. टब भरताना तिचा उपयोग होत नाही, कारण तेव्हा पाणी एकीकडे येत असतं आणि दुसरीकडे जात नसतं.

हवेसाठीही अशीच यंत्रणा असते. बाहेर जाणारी शिळी गरम हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला वाटेत ऊब देते, आणि चांगलं यंत्र ऐंशी टक्क्यांहून जास्त उष्णता परत मिळवतं. अख्ख्या घराची यंत्रणा फटी नीट बुजवलेल्या घरातच फायद्याची ठरते. जुन्या विटांच्या रांगघरात एका खोलीपुरता, भिंतीत बसणारा पंखा घ्या. त्यात चिनीमातीचा गाभा असतो. हवा बाहेर जाताना तो तापतो आणि मिनिटभराने पंखा उलटा फिरला की आत येणाऱ्या हवेला तीच ऊब देतो. न्हाणीघरातला जुना पंखा बिघडला की त्याच भोकाच्या जागी हा बसवता येतो का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. काही प्रकारांना सहा इंची भोक लागतं आणि जुनं बहुधा चार इंचीच असतं.